कपाटाखालचा माणूस

हमालांच्या अड्ड्यावर त्याला सगळे जॅक म्हणायचे. गाडीखाली लावतात तो जॅक. फ्रिज असो की लोखंडी तिजोरी, जिन्यात वस्तू अडली की तिच्याखाली शिरायचं काम त्याचं. वरच्या माणसाने नुसता तोल सांभाळायचा, वजन सगळं खालच्याच्या अंगावर. म्हणून खाली जायला कुणी सहसा राजी नसतं. हा आपणहून जायचा. त्यात मोठेपणा नव्हता. दुसऱ्याच्या हातावर भरवसा टाकणं त्याला जमत नव्हतं, एवढंच.

या कामाचे नियम थोडे. जोर मांडीतून लावायचा, कमरेतून नाही. पुढची पायरी आधी पायाने चाचपायची. आणि वस्तू जमिनीला टेकेपर्यंत मान वळवायची नाही. कुणी हाक मारो, कुणी शिवी देवो. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की संपलं. हे त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं की काम सोडल्यावरही रस्त्यात कुणी हाक मारली तर तो आधी थांबायचा, हात रिकामे आहेत ना ते बघायचा आणि मगच वळायचा. सुनेला याचं फार हसू यायचं.

सून कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. नात चिंगी दिवसभर आजोबांच्या ताब्यात, पण दोन खोल्या आणि समोरचा ओटा एवढ्यातच. त्या दिवशी चिंगीच्या चपलेचा पट्टा तुटला. कारखान्याला निघता निघता सून कधी नव्हे ते म्हणाली, "तुम्हीच घेऊन या नवीन. पण बाबा, हात सोडायचा नाही तिचा."

"अगं, चौथ्या मजल्यावर तिजोरी नेलीय मी. ही तर पंधरा किलोचीसुद्धा नाही."

"तिजोरीला पाय नसतात, बाबा."

बाजाराची इमारत तीन मजली. चपलांची दुकानं वरच्या मजल्यावर. मधला एकच जिना, अरुंद आणि कायम भरलेला. दोघं अर्ध्यावरच्या सपाट जागेपर्यंत पोचले आणि वरून लोखंडी कपाट येताना दिसलं. दोन माणसं. वरचा जाडा, घामाघूम. खालचा सडपातळ, कमरेत वाकलेला, बोटं कडेखाली अडकलेली.

जॅकला राहवलं नाही. "अरे बाबा, कंबर नको, मांडीचा जोर लाव. आणि बोटं काढ, नाहीतर तिथंच राहतील."

"आजोबा, बाजूला व्हा," खालचा धापा टाकत म्हणाला. "भाषण खाली गेल्यावर द्या."

तेवढ्यात वरच्याचा पाय घसरला. कपाट दोन पायऱ्या धाडकन उतरलं आणि सडपातळ माणूस कठड्यात दाबला गेला. त्याच्या तोंडून आवाजही फुटला नाही. जॅकने चिंगीला भिंतीशी उभं केलं, "इथंच थांब," म्हणाला आणि हात सोडला. मग पाठ फिरवून कपाटाखाली खांदा दिला. वजन आलं. ओळखीचं वजन. त्या माणसाची छाती मोकळी झाली, पण त्याला एका हाताने काहीच धरता येईना. आता जॅक बाजूला झाला असता तर कपाट त्या माणसासकट खालच्या गर्दीवर गेलं असतं.

"सावकाश सोड," तो वरच्याला म्हणाला. "मी सांगेन तेव्हाच."

तिसऱ्या पायरीवर मागून हाक आली, "आबा!"

ऐकली त्याने. मान वळली नाही.

"आबा!" पुन्हा आली, जरा रडवेली. गुडघे जळत होते. तो पायरी चाचपत उतरत राहिला. त्यानंतर हाक आली नाही, आणि त्याला वाटलं, बरं झालं, गप्प बसली.

खाली कपाट टेकलं. जॅकने आणि जाड्याने ते ढकलगाडीवर घेतलं. जाडा काहीतरी आभाराचं बोलत होता, पण जॅक वळला होता. जिन्यात तुंबलेली गर्दी बांध फुटल्यासारखी खाली येत होती. ती कापत तो वर चढला. भिंतीशी कुणी नव्हतं.

समोर बटणं आणि रिबिनी विकणारी बाई बसली होती. "इथं पोर होती. लहान. कुठं गेली?"

"मघाशी होती खरी. मग एवढी माणसं उतरली..." तिने हात हलवला. "कपडे कसले घातले होते?"

सकाळी सुनेने तिला तयार केलं होतं. वेणी घातली होती, की केस मोकळे होते? फ्रॉक होता, हे नक्की. पण रंग? रस्ताभर तिचा हात त्याच्या हातात होता आणि त्याने एकदाही खाली बघितलं नव्हतं. कपाटाची कोणती कड चेपलेली होती ते त्याला आठवत होतं. स्वतःच्या नातीच्या कपड्यांचा रंग आठवत नव्हता.

तो वरच्या मजल्यावर गेला. प्रत्येक दुकानात डोकावला, टेबलांखाली वाकून बघितलं. बायकांच्या संडासाबाहेर उभा राहून हाका मारल्या, तेव्हा एकीने झापलं. दुरून दिसणारी प्रत्येक लहान मुलगी त्याला चिंगी वाटायची आणि जवळ गेलं की नसायची. मग खालचा मजला. मग पुन्हा वरचा. घसा बसला.

दारावरचा रखवालदार म्हणाला, "आजोबा, कपडे सांगा. नुसतं लहान पोर म्हणून मी किती पोरं अडवू?"

"कुणालाच बाहेर जाऊ देऊ नकोस."

"अहो, बाजार आहे हा. घरी फोन करा, विचारा. आईला माहीत असेल ना?"

आईला माहीत होतं. खिशात फोन होता. त्याने तो काढला आणि परत ठेवला. अजून एक चक्कर मारू. तेवढ्यात सापडेल. सापडली तर सुनेला कळायचंही नाही. तो पुन्हा जिना चढला, गुडघ्याला धरून, कठड्यावर हात ओढत. ही चक्कर त्याने चिंगीसाठी मारली नाही. स्वतःसाठी मारली.

अर्ध्यावरच्या सपाट जागेशी तो थांबला आणि फोन पुन्हा बाहेर काढला. बटणवाल्या बाईने त्याला स्टुलावर बसवलं, त्याच्या हातातला फोन बघितला आणि म्हणाली, "लावा आता. तिला काय वाटेल ते नंतर."

त्याने लावला. मशिनींचा खडखडाट, मग सुनेचा आवाज. "बोला बाबा."

"चिंगीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा," ती म्हणाली. "कधीपासून दिसत नाही?"

"आत्ताच..." तो थांबला. "नाही. अर्धा तास होऊन गेला."

ओरडेल असं त्याला वाटलं. ती ओरडली नाही. तिचा आवाज कापत होता, तरी ती एकेक शब्द नीट बोलली. "हात कुठं सुटला?"

"जिन्यात. कपाट पडत होतं, एक माणूस अडकला होता. मी खाली शिरलो."

"तिने बघितलं तुम्हाला खाली शिरताना?"

"हो."

"मग ती वर कशाला थांबेल? ती तुमच्या मागं जाणार. कपाट कुठं गेलं?"

तो उठला होता.

माल भरायचं आवार इमारतीच्या मागे. टेम्पो एकमेकांना चिकटून उभे. एकावर ते कपाट दोरीने आवळलेलं, जाडा वर बसलेला, इंजिन सुरू, आणि ड्रायव्हर आरशात बघत गाडी मागे घ्यायच्या बेतात. मागच्या दोन चाकांच्या मधे पिवळं काहीतरी होतं. गुडघे टेकून, मान वाकडी करून, टेम्पोच्या पोटाखाली बघत.

ओरडायला गेला तर घशातून हवाच आली. पळत जाऊन त्याने टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. हमालांच्यात एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे जागेवर थांब. ड्रायव्हर धंद्यातला होता. त्याने इंजिन बंद करूनच मान बाहेर काढली.

जॅक आडवा पडून आत सरकला आणि फ्रॉक मुठीत धरून त्याने तिला ओढून काढलं. तिचे गुडघे खरचटले होते, तोंडावर ग्रीस. ती त्याच्याकडे रागाने बघत होती.

"मी तुम्हाला कपाटाखाली शोधलं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हताच!" आणि मग भोकाड पसरलं.

त्याला तिला उचलायचं होतं. उचलता आलं नाही. हातांत जोर उरला नव्हता. तो तिथंच मातीत बसला आणि ती त्याच्या मांडीवर चढून रडत राहिली. जाड्याने पाणी आणलं. ते कुणी प्यायलं नाही.

सून रिक्षाने आली. तिने चिंगीला घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, पदराने तोंड पुसलं. तिच्या गुडघ्यांवरची माती झटकली.

"माणूस चिरडला जात होता, तुम्ही खाली गेलात," शेवटी ती म्हणाली. "ते मला कळतं. पण फोन? तो लगेच का नाही केलात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझी."

तिने मुलीला घट्ट धरलं आणि त्या टेम्पोच्या चाकांकडे बघितलं.

"माझी भीती वाटली," ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

चिंगी एका पायात चप्पल, एका पायात काहीच नाही, अशी आईच्या खांद्यावर हुंदके देत होती. सुनेने एक हात मोकळा करून सासऱ्याच्या दंडाला धरलं. "उठा," ती म्हणाली. "एका दमात नको. आधी गुडघा टेका."