झोपेसाठी निवडलेली वस्ती

माझी मावशी शिवणकाम करायची आणि काका, म्हणजे तिचे यजमान, पावाच्या कारखान्यात पीठ मळायच्या यंत्रावर होते. लोकांना सकाळी ताजा पाव हवा, म्हणून काकांची पाळी कायम रात्रीची.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच दोघं या शहरात आली. सामान म्हणजे दोन ट्रंका आणि मावशीचं शिलाई मशीन. पहिले दोन महिने ती दोघं काकांच्या कारखान्यातल्या जोडीदाराकडे राहिली, एकाच खोलीत मधे पडदा लावून. जोडीदाराची तीन पोरं दिवसभर त्या पडद्यातून लपाछपी खेळायची. पडद्याआड काका डोळे मिटून पडलेले असायचे, पण झोप नावाला नाही. शेवटी मावशी म्हणाली, "अहो, असं किती दिवस चालेल? आपण आपली जागा बघू."

पहिली जागा बाजारपेठेत होती, जोडीदाराच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. खाली पत्र्याच्या पेट्या ठोकणारा, समोर हातगाड्या. मावशीला जिन्यातच ती आवडली. कारण वर चढताना एका बाईने तिला थांबवून विचारलं होतं, "नवीन का? शिवता का हो काही? माझ्या कोटाचं अस्तर पार लोंबतंय." घर बघायच्या आधी गिऱ्हाईक! मावशी हसत वर गेली. काका मात्र खिडकीशी उभे राहून खालचे ठोके ऐकत होते. "अगं, इथे मेलेला माणूससुद्धा उठून बसेल," ते म्हणाले.

दुसऱ्या जागेला लागून शाळेचं मैदान होतं. तिथून दोघं न बोलताच परत फिरली.

तिसरी बसच्या शेवटच्या थांब्यावर. तीन मजली जुन्या इमारती, रुंद रस्ते, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऐन दुपारची वेळ होती. घरमालकीण नळ, मोरी, कपाट दाखवत होती आणि मावशी मान डोलवत होती. मागे वळून बघतात तर काका आतल्या खोलीत फरशीवर, बूट उशाला घेऊन गाढ झोपलेले. घोरणंसुद्धा सुरू. मालकीणबाई म्हणाल्या, "असू दे, झोपू दे त्यांना." दोघी बायका वीस मिनिटं काही न बोलता उभ्या राहिल्या.

तेवढ्या वेळात मावशीने खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे वाळत घातलेले कपडे पाहिले. शिवणाऱ्या बाईची नजर कपड्यांवरच जाणार. करड्या पँटी, लोकरी बंड्या, विटके गाऊन. लहान मुलाचं एक झबलंही नाही. ते सगळं तिच्या लक्षात आलं, पण ती बोलली नाही. पुढे मी कधीतरी विचारलं तर म्हणाली, "दोन महिन्यांनी माणसाला झोप लागली होती गं. त्याला उठवून काय सांगू, की इथे झबली दिसत नाहीत?"

ती जागा त्यांनी घेतली.

काका सकाळी सहाला यायचे, आंघोळ करून सातला झोपायचे, ते तीनपर्यंत. तोवर मशीन बंद. रात्री ते कामावर गेले की मशीन चालवता आलं असतं, पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांना त्या टकटकीने धडधड व्हायची. राहिले संध्याकाळचे चार-पाच तास. गिऱ्हाईक आलं असतं तर तेवढे पुरले असते. पण त्या वस्तीत नवं कापड घेऊन येणार कोण? सगळे निवृत्त, मुलं दुसऱ्या गावी. तिथली माणसं वर्षागणिक वाळत चाललेली, म्हणून काम एकच : कंबर आत घ्या, खांदे आत घ्या, बाही आखूड करा. "इतक्या वर्षांत एकदासुद्धा कुणाची शिवण सैल करायला सोडली नाही मी," मावशी सांगायची.

एक निवृत्त टपालमास्तर होते. ते दर वेळी बजावायचे, "बाई, आत घ्या, पण जादाचं कापड कापू नका. मी परत जाड होणार आहे." तिने तीनदा त्यांची पँट आत घेतली आणि कापड ठेवलं. चौथ्या वेळेला पँट न्यायला ते आलेच नाहीत. अशा न नेलेल्या कपड्यांसाठी तिने कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, मग दुसरा.

मी नऊ वर्षांची असताना सुट्टीत तिच्याकडे राहिले होते. त्या अख्ख्या रस्त्यावर मी एकटीच पोर. काका झोपलेले असताना मावशी आणि मी हातवारे करून बोलायचो. भूक लागली, पाणी हवं, बाहेर जाऊ का? आठवडाभर मला त्यात गंमत वाटली. नंतर माझ्या लक्षात आलं, की काका उठल्यावरही मावशी हातवारेच करते.

चौथ्या वर्षी तिने धीर केला. एकटीच बसने बाजारपेठेत जाऊन एक खोली बघून आली. मागच्या बाजूची, जरा कमी आवाजाची. रविवारी काकांशी बोलायचं ठरवलं, काय काय सांगायचं ते पाठही केलं. शुक्रवारी सकाळी काका घरी आले ते सदऱ्यावर रक्त घेऊन. त्यांचं नव्हतं, त्या जोडीदाराचं होतं. त्याला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि उजवा हात यंत्रात गेला. मनगटापर्यंत.

"झोप व्हायची नाही त्याची," काका म्हणाले. "पोरं, खाली बाजार. आपलं नशीब म्हणून ही जागा मिळाली."

मावशीने सदरा गार पाण्यात भिजत घातला. त्या रविवारी ती काहीच बोलली नाही, आणि त्यानंतरच्याही नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मग कारखान्यात नवी यंत्रं आली, आपोआप चालणारी. माणसं कमी झाली, काकांना दिवसा पावाची पाकिटं मोजायला बसवलं. आता रात्र मोकळी, पण झोप रात्रीची यायला तयार नाही. शरीराला एकदा लागलेलं वळण. ते रात्रभर छताकडे बघत पडायचे आणि दिवसा पाकिटं मोजताना चुकायचे. दोन वर्षांनी त्यांना घरी बसवलं.

त्यानंतर काका आपणहून म्हणाले, "चल, बाजाराकडे जागा बघू. तुला तिकडे हवं होतं ना?"

त्यांना ते ठाऊक होतं! इतकी वर्षं ठाऊक होतं आणि त्यांनीही तो विषय कधी काढला नव्हता.

दोघं गेली. पत्र्यावाला नव्हता, तिथे तयार कपड्यांचं मोठं दुकान झालं होतं. आतच एक पोरगी बसून पँट उंचीला बेतून देत होती, गिऱ्हाईक उभं असतानाच. मावशी काचेबाहेर तिचे हात बघत राहिली. तिला स्वतःला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. वर खोली रिकामी होती, पण ती जिना चढली नाही.

"घरी चला," म्हणाली. "इथे आता मी कुणाला ओळखते?"

बसमध्ये काकांनी विचारलं, "चुकलंच का गं आपलं?"

"चूक कसली? तुमचे दोन्ही हात जाग्यावर आहेत," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. शेवटच्या थांब्यावर उतरणारी तीच दोघं होती.

अजूनही ती तिथेच आहेत. इमारतीत तीन घरं उरली आहेत. काका दुपारी खुर्चीत पेंगतात, रात्री येरझाऱ्या घालतात. मावशी रात्रीही जागी, दिवसाही जागी. काम तिने बंद केलं. परवा फोनवर मी विचारलं, "मावशी, चार दिवस आमच्याकडे येता का दोघं? पोरं आहेत घरात, गडबड आहे, बरं वाटेल तुला."

ती म्हणाली, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.