जावयाच्या फुटबॉलचा नवस

माझा जावई डेन्मार्कमधल्या चौथ्या पातळीच्या लीगमध्ये लेफ्ट बॅक खेळायचा. सिंगापूरमध्ये, आमच्या बेडोक भागातल्या मित्रमंडळींत हे सांगायची मला लाज वाटायची. कुणाचा जावई बँकेत, कुणाचा आयटीत; आमचा दिवसा नळाच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करायचा आणि संध्याकाळी चिखलात पळायचा. "स्पोर्ट्समध्ये आहे," एवढं मोघम बोलून मी विषय बदलायचो.

मुलगी सिंगापूरला वाढली, शिकायला तिकडे गेली आणि त्याच्याशी लग्न करून तिकडेच राहिली. एकुलती एक. मी त्याचे सामने बघायला लागलो ते खरं तर त्याच्या चुका काढायला. क्लबचं कुणीतरी खांबावर कॅमेरा लावायचं आणि शनिवारी आमच्या जेवणाच्या वेळी तो सामना माझ्या लॅपटॉपवर यायचा. प्रेक्षक मूठभर, त्यातही काही कुत्री. चेंडू कॅमेऱ्याबाहेर गेला की नुसतं गवत बघत बसायचं. पण पठ्ठ्या जीव ओतून खेळायचा. चार गोलांनी हरत असले तरी आपल्या कडेने धावत वर जायचा आणि तितक्याच जोरात परत यायचा. मी वरणभात कालवता कालवता त्याच्यावर ओरडायचो आणि बायको म्हणायची, "ताटाकडे बघा जरा." तो मला आवडायला लागला होता, फक्त मी ते कबूल करत नव्हतो.

मग मुलीच्या कंपनीने तिला सिंगापूरला बदली देऊ केली. आम्ही तिची खोली रंगवून घेतली. रंग वाळतोय न वाळतोय तोच तिचा फोन आला. वरच्या लीगमधला एक क्लब त्याला पूर्णवेळ घेणार होता. सीझन संपला की सही. गोदाम सुटणार, दिवसभर फक्त फुटबॉल.

"बाबा, त्याने आयुष्यभर याचीच वाट बघितलीये. या वयात कोणी विचारत नाही. सिंगापूर नंतर बघू. डोंट बी सॅड लाह," ती अजूनही सिंगापूरचं "लाह" लावून म्हणाली.

मी म्हटलं, "अरे वा."

मी जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनियर आहे. आमच्या घरात देवधर्म बायको बघते, मी नवसाची टिंगलच करत आलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये, गळ्यात पास अडकवलेला, मी डोळे मिटले आणि गणपतीला म्हटलं, याचं फुटबॉल सुटू दे, पोर घरी येऊ दे, तुला नारळाचं तोरण बांधीन. याच क्रमाने म्हटलं. आधी फुटबॉल, मग पोर.

सीझनच्या शेवटच्या सामन्यात तो नेहमीसारखा कडेने वर गेला, वळला आणि पडला. त्याच्या आसपासही कुणी नव्हतं. कॅमेरा लांब असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण एका हाताने गुडघा धरून दुसऱ्या हाताने तो गवतावर थापट्या मारत होता, ते दिसलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला, आता येतील. मला आनंद झाला. क्षणभरच झाला, पण झाला. आतून बायको विचारत होती, "कोण जिंकलं हो?"

लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं, नव्या क्लबने सभ्यपणे माघार घेतली आणि त्या वर्षअखेरीला दोघं इथे आली. आता तो कॉन्डो सोसायट्यांमधल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. एमआरटी मेट्रोच्या जिन्यावरून उतरताना कठडा धरतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो. मुलगी पलीकडच्याच ब्लॉकमध्ये राहते, रविवारी जेवायला येते. मागितलं ते सगळं मिळालं, पण त्याच्यासमोर बसून जेवताना मी ताटातून मान वर करत नाही. गुडघे काही नवसाने फाटत नाहीत, हे मला इंजिनियर म्हणून कळतं. त्याने काही फरक पडत नाही. मी मागितलं होतं, एवढं खरं आहे.

नवस फेडायचं मी टाळत होतो. शेवटी एकदा बायकोपाशी अर्धंच बोललो, की पोरं इकडे यावीत म्हणून नारळाच्या तोरणाचा नवस बोललो होतो.

"तुम्ही? नवस?" ती बघतच राहिली. "आणि अजून फेडला नाहीत?"

रविवारी तिने ते जेवताना सांगून टाकलं. मुलगी खो खो हसली. तो मात्र हसला नाही. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, "बाबा" तेवढं तो मराठीत म्हणतो. "बाबा, तुम्ही आमच्यासाठी देवाकडे मागितलंत?" त्याचे डोळे भरून आले होते. "नारळ मी उचलणार."

तमिळ गणपतीच्या देवळात आम्ही दोघंच गेलो. तोरण बांधायची तिथे पद्धत नाही, नारळ दगडी कुंडात आपटून फोडतात. पुजाऱ्याने दाखवलं तसं त्याने चांगल्या पायावर भार घेतला आणि पहिला नारळ असा भिरकावला की पाणी आमच्या दोघांच्या अंगावर उडालं. तो लहान मुलासारखा हसला. एकेक नारळ फुटत होता आणि दर वेळी तो माझ्याकडे वळून "थँक यू, बाबा" म्हणत होता. खरं सांगून टाकावं, असं प्रत्येक नारळागणिक मला वाटत होतं. माझी छाती झाली नाही.

एकच नारळ उरला तेव्हा तो थांबला.

"मी काही मागितलं तर चालेल?"

"माग की."

"मोठ्याने बोलावं लागतं?"

"नाही. मनात."

तरी त्याने मला सांगितलंच. उन्हाळ्यात जुना क्लब माजी खेळाडूंचा सामना ठेवणार होता. पूर्ण नाही, पण अर्धा वेळ तरी गुडघ्याने साथ द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. मग तो थोडा संकोचला.

"पण मी इथे नवा आहे. माझ्यासाठी तुम्हीच मागा ना, बाबा. तुमचं तो ऐकतो," असं म्हणून त्याने शेवटचा नारळ माझ्या हातात दिला.