बेअरिंगची मशीन

ताजुद्दीन मिस्त्रींचं उजवं मनगट दोन वर्षांपूर्वी मोडलं, आणि तेव्हापासून हा सरळ माणूस अख्ख्या पौड गावाशी खोटं बोलत होता. शिडीवरून पडले, हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण मनगट काही फिरेना. करवत ढकलता यायची, रंधाही कसाबसा चालायचा. पेचकस मात्र हातात धरला, की दुसऱ्याच पिळाला कळ थेट कोपरापर्यंत जायची. आता सुतारालाच स्क्रू पिळता येईना, म्हटल्यावर राहिलं काय?

हे फक्त बायकोला, मुनीराला, आणि मुलीला, निखतला ठाऊक होतं. बाकी कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणायचे, "हात झकास हाय." वीज असेल तिथे स्क्रू पिळायची जुनी वायरची मशीन त्यांची लाज राखायची. 'मिस्त्रीचा हात गेला' असं एकदा बाजारात झालं, की कामं बंद. एकसष्टाव्या वर्षी दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

अशात जयसिंग ठेकेदार घरी आला. कोळवणला पुण्याच्या कुणा साहेबांचं फार्महाऊस उभं राहत होतं.

"मिस्त्री, नऊ दारं हायेत. ह्या न्हाई, पुढच्या रविवारी, म्हंजी धा दिवसांनी वास्तुशांत. लाईटचा मीटर काय अजून आला न्हाई. दुसऱ्या मिस्त्र्यांची करवत, रंधा समदं मशीनचं, लाईटबिगर पान हलत न्हाई. तुमी आपले हातानं करता, म्हणून तुमाला सांगतोय."

मिस्त्री हसून "व्हय" म्हणाले. जयसिंग गेल्यावर मात्र ते मनगट चोळत ओट्यावर टेकले.

त्याच संध्याकाळी निखत हिंजवडीच्या कामावरून आली, आणि दोघं तिच्या मोबाईलवर बॅटरीची मशीन शोधायला बसले. एक मशीन मिस्त्रींना पसंत पडली, पण किंमत झेपेना. खाली तीच मशीन, तोच फोटो, तोच रंग, आणि किंमत जवळजवळ निम्मी. निखतने नाव वाचलं. शेवटी 'बेअर टूल' असं लिहिलं होतं.

"बेअर?" मिस्त्रींचे डोळे चमकले. "म्हंजी बेअरिंगची! बुशची मशीन वरसात खडखडाया लागती. बेअरिंगची जन्मभर टिकती. हीच घे."

"अब्बा, बेअरचा अर्थ तसा नसतो. थांबा, मी नीट बघते."

"काय बघायचंय? तुला कॉम्प्युटर कळतोय, मशीन मला कळतीय. घे म्हणलं तर घे."

पंखा असो की मिक्सर, आतला दांडा साध्या बुशमध्ये फिरतो की बेअरिंगवर, हा फरक मिस्त्रींनी जन्मभर लोकांना सांगितला होता. निखतने बटण दाबलं.

वास्तुशांतीच्या चार दिवस आधी, बुधवारी, खोकं आलं. हातात घेताच मिस्त्रींना ते हलकं वाटलं. आत मशीन होती, देखणी, हिरवीगार. मुठीच्या तळाशी मोठी खाच होती, आणि त्या खाचेत काहीही नव्हतं. मिस्त्रींनी खोकं उलटं केलं, पुठ्ठे काढले, तळाला हात घालून चाचपलं. बॅटरी नाही, चार्जर नाही, साधा स्क्रू पिळायचा दांडासुद्धा नाही. मुनीराने कचऱ्यात टाकलेला कागदही पुन्हा उचलून झटकून पाहिला. निखतने कंपनीकडे तक्रार केली, तर तासाभरात उत्तर आलं: वस्तू वर्णनाप्रमाणेच दिलेली आहे, परत घेता येणार नाही.

वर्णनाप्रमाणे म्हणे! लग्न ठरवावं, मांडव घालावा, आणि ऐनवेळी कळावं की नवरदेव वेगळा मागवायचा असतो, तशातली ही गत. आणि फोटोत मात्र बॅटरी अशी ठसठशीत लावलेली, की आंधळ्यालाही दिसावी. पण मिस्त्रींनी कंपनीला एक शिवी दिली नाही. लेक थांबा म्हणत होती आणि आपण ऐकलं नाही, एवढंच त्यांना डाचत होतं.

गुरुवारी मशीन पिशवीत घालून ते जीप बदलत बदलत मारुंजीला गेले. तिथे कैलासचं हत्यारांचं मोठं दुकान आहे. कैलासने मशीन उलटीपालटी केली.

"चाचा, बेअर म्हंजी उघडी, बिनबॅटरीची. ही नुसती बॉडी हाय."

मिस्त्री चपापले. गावाकडे बॉडी हा शब्द दवाखान्यातून माणूस परत आणताना वापरतात.

"बॅटरी बसवून दे की मग."

कैलासने दुसऱ्या एका कंपनीची बॅटरी लावून दाखवली. व्होल्ट तेच, जाडी तीच, पण खाच वेगळी, बसेना. प्रत्येक कंपनीची खाच वेगळी, कारण एकदा मशीन घेतली की माणूस जन्मभर त्यांच्याच दारात आला पाहिजे. या मशीनची बॅटरी मागवावी लागणार होती, आणि चार्जर धरून तिची किंमत मशीनपेक्षा जास्त होती. यायला सोमवार उजाडणार होता. मुनीराच्या कानातली फुलं तेवढी विकायची राहिली. साठवलेलं होतं नव्हतं ते कैलासला देऊन ते परत आले.

शुक्रवारी ते कोळवणला पोहोचले. दारांचे नऊ पल्ले भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या दाराच्या बिजागरीला डाव्या हाताने पेचकस लावला. अर्ध्या तासात दोन स्क्रू, तेही तिरपे. अजून शंभरावर राहिले होते. मिस्त्रींनी आजूबाजूला पाहिलं, हातोडी उचलली, आणि तिसरा स्क्रू खिळ्यासारखा ठोकला.

पिळलेला स्क्रू लाकडात आपली वाट कापत जातो आणि लाकूड त्याला धरून ठेवतं. ठोकलेला स्क्रू लाकूड फाडत जातो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. शेवटचा अर्धा पीळ डाव्या हाताने दिला, की स्क्रूचं डोकं बिजागरीत नीट बसतं आणि चोरी झाकली जाते. शनिवारी दिवस मावळायच्या आत नऊच्या नऊ दारं उभी राहिली. रविवारी वास्तुशांत झाली. जेवायचं आमंत्रण असूनही मिस्त्री गेले नाहीत.

सोमवारी बॅटरी आली. चार्ज करून लावली, आणि मशीन लोण्यात सुरी फिरावी तशी सागात फिरली. मनगटाला काही म्हणजे काही झालं नाही. तीन दिवस, फक्त तीन दिवस उशीर! मिस्त्रींना घरात बसवेना. जयसिंगला खरं सांगून सगळे स्क्रू बदलून द्यायचे, मग काम सुटलं तर सुटलं, असं ठरवून ते त्याच्याकडे गेले.

"जयसिंगराव, त्या दारांचे स्क्रू मी पिळले न्हाईत. ठोकलेत. माझा हात फिरत न्हाई. चावी द्या, समदे बदलून देतो."

जयसिंग मोठ्याने हसला.

"एवढंच व्हय? आवो मिस्त्री, समदेच ठोकत्यात! तुमीच एक पिळत बसायचा, म्हणून तर तुमचं काम लई हळू. मालक खूश हायेत, कशाला उकरता? ह्या वेळी दोन दिसांत नऊ दारं केलीत, तवा मलाच नवल वाटलं." मग त्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "भूगावला बंगला हाय, चौदा दारांचा. उद्यापासनं या. असंच भराभर व्हऊ द्या."

मिस्त्री घरी आले. मुनीरा दारातच उभी होती.

"काय म्हणले?"

"काम मिळालं," मिस्त्री म्हणाले, आणि कामाची बातमी सांगताना जन्मात पहिल्यांदा त्यांना रडू आलं.