केदारआप्पांचा खालचा सूर

धारूरच्या बाजारात केदारनाथ शेटे यांचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पावडरचे डबे. दुकानामागच्या खोलीत ते एकटेच राहतात. सगळे त्यांना केदारआप्पा म्हणतात. दुपारी त्यांच्याकडे गेलं आणि चहा मिळाला नाही, तर समजायचं की पातेल्यात तारा उकळतायत.

आप्पा आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. तिच्या तारा चांगल्या जाड असतात. त्यांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसत जातो आणि आवाज दबतो, गोधडीखालून आल्यासारखा येतो. नवा संच बाहेरगावाहून मागवावा लागतो. म्हणून आप्पा प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जुन्या तारा काढून पाण्यात उकळायचे, पंच्याने पुसून वाळवायचे आणि परत चढवायचे. घरात पातेलं एकच. त्या दिवशी चहा बंद.

आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव गंगासागर म्युझिकल्स. गंगासागर म्हणजे परमेश्वरभाऊंची आई. परमेश्वरभाऊ मालक आणि मुख्य गायक. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालते. सोमेश्वर कीबोर्ड वाजवतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे मिक्सर, माईक आणि वायरी माझ्याकडे. आम्ही दुसऱ्यांचीच गाणी वाजवतो. आधी गणपतीचं गाणं, मग भक्तिगीत, एखादं भीमगीत, जुनी हिंदी द्वंद्वगीतं आणि शेवटी पोरं नाचतील अशी. लग्नसराईत आठवडाभर घर दिसत नाही.

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा माणूस मागे उभा असतो, ड्रमच्या शेजारी. गायकाला टाळ्या मिळतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात. आप्पांना प्रश्न मिळायचे.

"काका, तुमच्या गिटारला दोन तारा कमी कशा? तुटल्या का?"

"चारच असत्यात हिला."

"आन आवाज कावून येईना? चालू तर करा."

आप्पा हसून मान हलवायचे. ती चालूच असायची. बेसचा आवाज वेगळा काढून ऐकायची लोकांना सवय नसते. तो गाण्याच्या तळाला असतो, जोत्यासारखा. घर बघायला आलेला माणूस जोतं बघत नाही.

आप्पांचं लग्न झालेलं नाही. तरुणपणी एक-दोन ठिकाणी बोलणी झाली होती. मुलीकडच्यांनी विचारलं, पोरगा वाजवतो म्हणजे काय वाजवतो? आप्पांनी कौतुकाने गिटार आणून सगळ्यांच्या माहितीतल्या एका गाण्याचा बेस वाजवून दाखवला. नुसता बेस. कुणालाच गाणं ओळखता आलं नाही. पाहुणे एकमेकांकडे बघत चहा पिऊन गेले. हे त्यांच्या लातूरला दिलेल्या बहिणीने, रुद्राणीताईंनी मला हसत हसत सांगितलं होतं. आप्पा तेव्हा तिथेच बसले होते. तेही हसले, पण जरा उशिरा.

गेल्या माघात परमेश्वरभाऊंनी एलईडीचा मोठा पडदा घेतला आणि सोमेश्वरने नवा कीबोर्ड आणला. त्या कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांना बेसचा आवाज देता येतो. डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने बाकीचं, असं एकच माणूस वाजवू शकतो. प्रॅक्टिस संपल्यावर भाऊ आप्पांच्या शेजारी येऊन बसले. मी वायरी गुंडाळत होतो.

"आप्पा, राग धरू नका," भाऊ म्हणाले. "टेम्पोत आता जागाच न्हाई. पडदा आल्यापासून माणसं बोनेटवर बसवायची पाळी आली. तुमचं खोकं कुठं ठिवायचं?"

खोकं म्हणजे आप्पांचा बेसचा स्पीकर. लहान फ्रिजएवढा. कार्यक्रमाआधी गायिका त्याच्यावर बसून पावडर लावायची.

"म्या मांडीवर घेऊन बसतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ते तुमालाच मांडीवर घील," सोमेश्वर म्हणाला.

सगळे हसले, आप्पाही. मग भाऊंनी घसा साफ केला. "असं करू. लिंबागणेशच्या अलीकडं मंगल कार्यालय हाय ना, तिथलं लगीन तुमच्याबिगर करून बघू. कुणी इचारलं, का बाबा आज बेस कावून न्हाई, तर पुढच्या टायमाला म्या स्वतः खोकं उचलून टेम्पोत ठिवतो. पडदा ऱ्हायला तरी चालंन."

"कुणी बी इचारलं तर?"

"कुणी बी. आचाऱ्यानं इचारलं तरी धरतो."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्या येऊ का तिथं? खाली बसन. लोकात."

"या की. लगीनच हाय. जेवून जा."

लग्नाच्या दिवशी टेम्पो पहाटेच निघाला. आप्पा मागून एसटीने आले, केज करून मांजरसुंब्याला गाडी बदलून. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळावर भस्माची बोटं. हातात गिटार नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. दारात पाहुण्यांना फेटे बांधणं चालू होतं.

"कोणाकडचे, पाव्हणं? नवरदेवाकडचे का नवरीकडचे?" फेटेवाल्याने विचारलं.

"वाजविणाऱ्याकडचा."

फेटेवाल्याला तो विनोद वाटला. त्याने आप्पांची मान सरळ केली आणि गुलाबी फेटा बांधून टाकला. इतकी लग्नं वाजवली, आप्पांना फेटा पहिल्यांदाच मिळाला. वाजवणाऱ्यांना कुणी फेटे बांधत नाही, आम्हाला एकसारखे कोट असतात. फेटा सांभाळत ते मधल्या ओळीत जाऊन बसले. माझा मिक्सर स्टेजसमोर बाजूला होता, तिथून मला ते नीट दिसत होते.

पहिली गाणी झाली. आप्पा गाणं ऐकत नव्हते, माणसं ऐकत होते. शेजारच्याकडे बघायचे, मागे वळायचे, कुणी दोघं बोलायला लागले की तिकडे कान द्यायचे. ते दोघं उसाच्या तोडीबद्दल बोलत असायचे. समोरची एक म्हातारी स्टेजकडे एकटक बघत होती. आप्पा तिच्याकडे वाकून बसले. ती म्हणाली, "पंखा इकडं फिरवाय सांगा की कुणीतरी." आप्पांनी उठून पंखा फिरवला.

मग भाऊंनी माईकवर सांगितलं की आता एक जुनं गाणं, आमच्या एका माणसासाठी. मला लगेच कळलं. सत्तरच्या दशकातलं एक हिंदी द्वंद्वगीत आहे. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता बेस पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. आप्पा दर लग्नाच्या आधी हे गाणं घ्या म्हणायचे आणि भाऊ म्हणायचे, आप्पा, त्याच्यावर कोण नाचतंय? आज भाऊंनी आपणहून घेतलं. मी फोन काढून रेकॉर्डिंग लावलं, आधी स्टेज, मग हळूहळू लोकांवरून फिरवत.

मधली जागा आली. सगळं थांबलं आणि सोमेश्वरने डाव्या हाताने ती ओळ वाजवली. बरोबर वाजवली. एक सूरही इकडेतिकडे नाही. आप्पांनी मान डोलावली, गाणं संपल्यावर टाळ्याही वाजवल्या. मला वाटत होतं की ते आता उठून बाहेर जातील. पण ते बसून राहिले, कारण अजून मंगलाष्टकं व्हायची होती.

आमच्याकडे मंगलाष्टकं ऑर्केस्ट्राच गातो. चाल गोड असते, एकेक कडवं आळीपाळीने. त्या वेळी आप्पा फार काही वाजवायचे नाहीत. एकच सूर, सगळ्यांत खालचा, मऊ बोटाने परत परत. ते मला एकदा म्हणाले होते, "गाण्यात म्या फिरतो. इथं फिरायचं न्हाई. दोघं उभी असत्यात, त्यांच्या पायाखाली काहीतरी पायजे." बाकी कशाबद्दल त्यांना इतकं बोलताना मी ऐकलेलं नाही.

कुंकू लावलेल्या ज्वारीच्या अक्षता वाटत पोरी फिरल्या. आप्पांनी मूठ पुढे केली. एरवी या वेळी त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असायचे. अंतरपाट धरला, सगळे उभे राहिले. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' म्हणताना सगळ्यांबरोबर आप्पांचाही हात वर जात होता आणि अक्षता पुढे उडत होत्या. एकदा त्या समोरच्या म्हातारीच्या डोक्यावर पडल्या, तिने वळून बघितलं आणि दोघं हसले. शेवटच्या कडव्याला आप्पा मोठ्याने म्हणत होते. अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री वाजली, आप्पांनी उरलेली ज्वारी दोन्ही हातांनी उधळली. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी स्टेजवर कधी पाहिला नव्हता.

पंगतीसाठी लोटालोट सुरू झाली तसे ते माझ्याकडे आले. फेटा थोडा वाकडा झाला होता.

"जीवन, लई चांगलं झालं रे," ते म्हणाले आणि एकदम थांबले. "मंगलाष्टकाला सोम्यानं खालचा सूर धरलता का?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. त्यांनी सोमेश्वरला विचारलंच असतं. "न्हाई, आप्पा. त्याचा डावा हात मोकळाच होता. मोबाईल बघत होता."

"म्हणजे नव्हताच?"

"नव्हता."

आप्पांनी स्टेजकडे बघितलं. नवरा-नवरी तिथे फोटोसाठी उभी होती.

"मलाच कळलं न्हाई रे," ते म्हणाले.

तेवढ्यात बायडाबाई आली. आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटते, आमच्या बऱ्याच लग्नांत असते. पदराने तोंड पुसत तिने मला विचारलं, "आवो साउंडवाले, ते लांब दांड्याची गिटार वाजवित्यात ते आप्पा कुठं हायती? आज दिसनात. बिमार हायती का?"

आप्पा तिच्या शेजारीच उभे होते. फेट्यामुळे तिला ओळखू आले नाहीत.

"कावून इचारता, मावशी?" मी म्हणालो.

"ताट झाकून ठिवलंय त्यांचं. समद्यांच्या मागून जेवत्यात ते, तवर बुंदी सरती. म्हणून म्या आधीच काढून ठिवते."

मला राहवलं नाही. मी स्टेजकडे हाक मारली, "भाऊ, इकडं या. इचारलं. बायडामावशीनं इचारलं."

परमेश्वरभाऊ रुमालाने मान पुसत आले. सगळं ऐकून घेतलं. भाऊ शब्दाचे पक्के आहेत. ते म्हणाले, "झालं मग. आचाऱ्याचं माणूस हाय. म्या बोललो होतो. आप्पा, पुढच्या लग्नाला खोकं टेम्पोत. म्या उचलतो."

बायडाबाई आता आप्पांकडे बघून हसायला लागली होती. "अगं बाई, तुमीच का हे? मला वाटलं, नवरदेवाचा मामाच हाय कुणीतरी."

आप्पाही हसले. मग भाऊंना म्हणाले, "हिनं माझं इचारलं, परमेश्वर. बेसचं न्हाई इचारलं."

"त्यात काय फरक हाय? माणूस आला म्हणजे बेस आलाच की."

"फरक हाय." आप्पांनी फेटा नीट बसवला. "ज्यानं इचारायला पायजे होतं त्यानंच न्हाई इचारलं. म्या अक्षता टाकत होतो. पायाखाली काय हाय का न्हाई, ध्यानातच न्हाई राहिलं."

"आप्पा, असं काय मनाला लावून घेता?"

"मनाला लावलं न्हाई. चांगलं झालं लगीन, खरंच. चल बायडाबाई, ताट दे."

ते पंगतीत बसले, फेटा घालूनच. बायडाबाईने बुंदी दोनदा वाढली. जेवण झाल्यावर मी सवयीने वायरी गुंडाळायला लागलो आणि त्यांची वाट बघत राहिलो, कारण वायरी आम्ही दोघं मिळून गुंडाळायचो. ते आले नाहीत. फाट्यावर एसटीची वाट बघत उभे असलेले मला टेम्पोतून दिसले. भाऊंनी टेम्पो थांबवला. आप्पांनी हाताने पुढे जा म्हणून सांगितलं. आत जागा नव्हतीच.

त्यानंतर बरेच दिवस मी धारूरला गेलो नाही. लग्नं लागून होती, आणि भाऊंनी बोलावूनही आप्पा परत वाजवायला आले नाहीत. आप्पांनी ते जुनं गाणं मागितलं म्हणून मी माझं रेकॉर्डिंग त्यांच्या फोनवर पाठवलं होतं, एवढाच काय तो संबंध. मग एका दुपारी सोल्डरिंगची तार आणायला धारूरच्या बाजारात गेलो आणि कटलरीच्या दुकानात डोकावलो. गल्ल्यावर कुणी नव्हतं. मागच्या खोलीतून गाणं येत होतं.

आप्पा पलंगावर बसून वाजवत होते. समोर त्यांचं खोकं आणि खोक्यावर भिंतीला टेकवून उभा केलेला फोन. त्यावर मी पाठवलेला व्हिडिओ चालू होता. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, खालचे सूर त्यातून जवळजवळ येतच नाहीत. सोमेश्वरचा डावा हात दिसत होता, ऐकू येत नव्हता. ती सगळी जागा रिकामी होती आणि आप्पा तिथे वाजवत होते. वरचं गाणं लग्नातलं, खालचं या खोलीतलं. मध्यावर सगळी वाद्यं थांबली. फोन गप्प झाला. आप्पा एकटेच पायऱ्या उतरत खाली आले आणि बरोबर वेळेवर फोनमधून गाणं पुन्हा सुरू झालं.

मी दारातच थांबलो. त्यांनी मला बघितलं होतं, पण हात थांबवला नाही. व्हिडिओ आता लोकांवरून फिरत होता. मधल्या ओळीत गुलाबी फेटा बांधलेला एक माणूस मान डोलावत होता.

आप्पांनी हनुवटीनेच फोनकडे खूण केली.

"बघ," ते म्हणाले, "कसं खुशीत ऐकतंय."

गाणं संपलं. फोनमधल्या गुलाबी फेट्याच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. आप्पांनी तारांवर पालथा हात ठेवून आवाज बंद केला आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.