काकांच्या वाटेतली रांगोळी

माझा स्वभाव मेला पहिल्यापासून संशयी. दूधवाल्यासमोरच पातेल्यात बोट बुडवून बघायचे, पाणी घातलंय का म्हणून. नाशिकला कॉलेज रोडवरच्या छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागले, तेव्हाही हा स्वभाव घरी ठेवून गेले नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टीव्हीवर एक विनोदी कार्टून जोरात चालू होतं. त्यातले जाडे काका सारखे घसरायचे, आपटायचे, आणि घरोघरी पोरं-म्हातारी खदखदून हसायची. त्या काकांवर गेम बनवायचं काम आम्हाला मिळालं. काकांनी घरातून निघायचं आणि अंगण, गल्ली, बाजार पार करत ऑफिस गाठायचं, तेही धडपडत. चित्रं सगळी माझी.

गेम खेळून चुका शोधायला सटाण्याची एक मुलगी ठेवली होती. हा गेम नीट पार पडला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. घरी म्हणजे लगेच लग्न, हे तिनेच डबा खाताना सांगितलं होतं. तिच्या कागदावर बाजाराच्या, गल्लीच्या चुका असायच्या. अंगणापुढे मात्र रोज एकच शब्द, ‘ठीक’.

रोज ठीक कसं असेल? ही खेळते की नुसती बसते? पाणी प्यायच्या निमित्ताने मी तिच्या मागून चकरा मारायचे. एकदा ती जेवायला गेल्यावर तिच्या कीबोर्डला हात लावून पाहिला, गरम आहे का म्हणून. कीबोर्ड म्हणजे काय तवा आहे? पण संशयाला अक्कल नसते.

मग मुंबईहून कार्टूनवाले गेम बघायला आले. सोबत त्यांचे एक गोरे साहेब. साहेबांनी काकांना दारातून बाहेर काढलं, सरळ अंगणातल्या रांगोळीवर नेलं, आणि गेम जागच्या जागी बंद पडला. आमच्या ऑफिसच्या सरांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, “अंगण तपासलं कोणी?”

मी वाटच बघत होते. “सर, मला कधीपासून शंका होती. ही खेळतच नाही, नुसती बसते.”

“खेळले मी, ताई. रोज खेळले,” ती म्हणाली. मग हे सापडलं कसं नाही, म्हणत सरांनी तिचे कागद चाळले; अंगणापुढे सगळीकडे ‘ठीक’. सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तिने डब्याची पिशवी उचलली आणि गेली.

आपण किती बरोबर होतो हे दाखवायला मी स्वतः खेळायला बसले. रांगोळी आली, काकांनी उडी मारली. पुन्हा खेळले, पुन्हा उडी. बोट आपोआपच उडीच्या बटणावर जात होतं. काही न सांगता प्रोग्रॅमरला बसवलं, तोही उडी मारून पुढे. अगं बाई! रांगोळीवर पाय कोण देणार? महिनाभर आम्ही सगळेच ती ओलांडत होतो.

चित्रांची यादी उघडली. ‘विस्कटलेली रांगोळी’. काकांचा पाय पडला की गेम हे चित्र मागणार होता. ते मी काढलंच नव्हतं, म्हणून गेम बंद पडला. कोण कशाला तुडवेल, नंतर बघू, म्हणून ठेवलं आणि विसरले.

रिक्षा करून स्टँड गाठला. सटाण्याच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी खालूनच एका दमात सगळं सांगितलं.

“हे सरांना सांगितलं?”

“नाही गं. म्हटलं आधी तुला...”

“मला कशाला? मी खेळले, हे मला ठाऊकच शे.” चिडली की तिच्या तोंडी घरची भाषा यायची. गाडी सुटली. मला फार लाज वाटली. सरांना सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी हिच्याकडे धावले होते.

परत जाऊन सरांना सांगितलं. मग त्यांनी सटाण्याला तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

सोमवारी ती आली. मी विस्कटलेली रांगोळी काढून ठेवली होती. रांगोळीवर पाय पडणार म्हणून तिने आधी स्क्रीनला हात लावून तो कपाळाला लावला आणि काकांना रांगोळीवर उभं केलं. काका सपशेल घसरले. सगळे हसले. तिने कागदावर ‘ठीक’ लिहिलं आणि तो माझ्यापुढे सरकवला.

“ताई, एकदा तुम्ही खेळून बघा. मी काय, नुसती बसते.”

मी खेळले नाही. मान खाली घालून त्या ‘ठीक’खाली सही केली.