डोक्यावर न घेतलेलं उपरणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी म्हसावदहून माहेरी आले, तेव्हा धाकट्या भावाचं लग्न ठरल्यात जमा होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी पोरीकडची माणसं येणार होती. दिवेलागणीला पोरीला कुंकू लागलं की आमच्याकडे लग्न झाल्यासारखंच असतं. मग मोडायचं म्हटलं तर दोन्ही गावांत तोंड दाखवता येत नाही.

भाऊ सुरतेला मागाच्या कारखान्यात होता. तिथे चाळीमागच्या एका लहानशा हॉलात तो एकट्यानं सोंग करी. गाणी त्यानंच रचायची, पेटी त्यानंच वाजवायची, सगळी माणसं त्यानंच व्हायचं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे नुसतं ऐकलं होतं. ते म्हणाले, "पाव्हना येतीनच. दखाड त्यास्ले, पोऱ्यामा काय गुन शे ते." कापूस भरायची खोली उन्हाळ्यात रिकामी असते. तिथे सतरंज्या टाकायचं ठरलं.

पाहुणे येणार त्या सकाळी मी खापरावर पुरणपोळी टाकत होते. भाऊ येऊन उंबऱ्यावर बसला. त्याच्याबरोबर सुरतेहून त्याच्याच कारखान्यातला एक जण आला होता. तो अंगणात तोंड धूत होता.

"अक्का, आज मी जे गासू, ते खरं शे," भाऊ म्हणाला. "दोन जनस्नी गोट शे. शहरमा एकच खोलीमा ऱ्हातस. त्यामा एक मी, दुसरा तो." त्यानं अंगणाकडे मान केली.

"दोस्त शे ना तुन्हा?"

"दोस्त नई. तुले दाजी जसा, तसा मले तो."

पोळी काळी पडली तरी उलटायचं मला सुचलं नाही. मी एवढंच विचारलं, "आनि ती पोर?"

"म्हनीसन तं गास. तिन्हा जलम कसाले वाया घालू? आबासमोर तोंडमाईन शब्द निंघत नई. गानामा निंघी."

"आबा मारतीन तुले."

"मारतीन नई. हाकलतीन." तो हसला.

मग त्यानं आपलं जरीकाठी उपरणं माझ्या हातात दिलं. एकट्याच्या सोंगात आमच्याकडे रीत आहे. उपरणं डोक्यावर घेतलं की तो बाई, खांद्यावर टाकलं की पुरुष. लहान पोरांनाही हे कळतं.

"हाई तुन्हाजोडे ठेव. मी घाबरीसन थांबनू तं फेकजो. डोकावर लिसू, दुसराले बाई करसू, आनि कुंकू लाई लिसू."

दिवस कलताना खोली भरली. पुढे आबा, त्यांच्या शेजारी पोरीचा बाप. आम्ही बाया भिंतीकडे. सुरतेचा तो पाहुणा बसला नाही, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. बाहेर झोक्यांवर पोरींची गाणी चालली होती.

सुरुवातीला लोक खूप हसले. भावानं तोंडानं मागाचा खडखडाट काढला. एक झोपला की दुसऱ्याला बसूनच राहावं लागतं अशी ती खोली त्यानं दाखवली, भाडं मागणारा ढेरपोट्या दाखवला. मग पेटी हळू झाली. एक कामगार तुटलेला धागा जोडता जोडता दुसऱ्याला म्हणतो:

दोरा तुटना तं गाठ मी बांधू,
तू रुसना तं काय मी सांधू?

"आते बाई यी," माझ्या शेजारची कुजबुजली. बाई आली नाही. भाऊ या बाजूनं त्या बाजूला वळला आणि दुसराही पुरुषच राहिला. पोरीकडच्या एकानं ओरडून विचारलं, "ओ जवाई, उपरनं कोठे शे? नवरी रुसी बठनी का?"

सगळे हसले. भाऊ थांबला.

त्याची बोटं पेटीवर तशीच राहिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेमागोमाग आबांनी मान वळवली, मग पोरीच्या बापानं. एवढ्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. उपरणं माझ्या मांडीवर होतं. फेकलं असतं तर सगळं निभावलं असतं. पाहुणे जेवले असते, कुंकू लागलं असतं. आणि ती पोर जन्मभर दारात वाट बघत बसली असती.

मी उपरण्याची घडी केली, ती खाली घातली आणि तिच्यावर बसले. मान वर केली नाही.

मग पेटी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्यानं. एकाला ताप आलेला आहे. दुसरा दाराला कडी घालतो, त्याचे पाय चेपतो, त्याच्या केसांतून हात फिरवतो, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून गाणं ओठांतच ठेवतो. पोरीच्या बापाची सुपारी गालात थांबली.

"हाई काय शे, आबा?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात आमच्या थकल्या आत्यानं हात जोडले. तिला धड दिसत नव्हतं. "किसनदेव! माय वं, सुदामाना पाय चेपी ऱ्हायना किसनदेव!"

खोलीनं श्वास सोडला. पुरुष पुरुषासाठी एवढा झुरतो म्हणजे देवच असणार, दुसरं काय असणार? बायांनी पदरानं डोळे पुसले. कुणी नारळ आणून ठेवला. मघाशी टोमणा मारणाऱ्यानं टोपी काढली आणि भावाच्या पाया पडला. "नई, देव नई," भाऊ म्हणत होता, पण जयजयकारात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तो सांगायला उठला.

तेव्हाच आबाही उठले. ते दाराकडे बघत होते. चौकटीला धरून तो सुरतेचा पाहुणा रडत होता, आवाज न करता. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. त्यांनी नारळ उचलून भावाच्या ओंजळीत ठेवला आणि त्याच्या डोक्यावर असा जड हात ठेवला की तो खालीच बसला.

"पाव्हना," आबा पोरीच्या बापाला म्हणाले, "मन्हा पोऱ्या देवना व्हयी गया. आते तुमनी पोरले कुंकू कसं लाऊ?"

"काल तं तुम्ही काय म्हनं नई!"

"काल मले माहीत नव्हतं."

पाहुणे जेवले नाहीत. रागानं निघाले, पण जाताना पोरीचा बापही भावाच्या पाया पडून गेला.

मागच्या अंगणात भाऊ नारळ हातात धरून बसला होता. "अक्का, मी देव नई गायं."

"मले माहीत शे."

"आबास्ले?"

मी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला. गावानं पुढे कितीदा तरी सुदाम्याचं सोंग मागितलं, त्यानं कधी केलं नाही.

पुढच्या आखाजीला सुरतेहून दोघं आले. मी ओसरीवर पानं मांडली. आबा जेवायला आलेले पाहून तो पाहुणा पानावरून उठला आणि गड्यांच्या पंगतीकडे निघाला. भावाचा घास हातातच राहिला.

"बठ," आबा म्हणाले.

तो बसला. आबा पोळी मोडत राहिले. मग वर न बघता मला म्हणाले, "याले रस वाढ. मांगी लेवाले लाजस तो."