चर्चच्या चित्रातली बूटवाली माणसं

मला जुनी छापील चित्रं घ्यायचा नाद आहे. त्यातही तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेली, परदेशातल्या जुन्या चर्चच्या आतल्या भागाची. उंच खांब, कमानी, चौकटीचौकटीची फरशी आणि त्यावर मुंगीएवढी माणसं. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, दौलतगंजात, जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानात तसली चार एकदम मिळाली, तेव्हा मी हरखून गेलो. घरात दुसरं कोणी हरखलं नाही. जयेंद्रगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच भिंत रिकामी होती, आईच्या पलंगासमोरची. सगळ्यात मोठं चित्र तिथे टांगलं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. वॉकर घेऊन रोज चालायचं, हळूहळू तोही सोडायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाहीतर गुडघा आखडेल आणि मग कायमचं अंथरूण. आई मात्र पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जायची, तेही वॉकर घट्ट धरून. एरवी त्यावर तिचा टॉवेल वाळायचा. मी चिडायचो. मला चिडायला तसाही वेळ लागत नाही. ती समोरच्या चित्राकडे बघत बसायची. खरं सांगायचं तर मला फार भीती वाटत होती.

एक दिवस तिने माझं भिंग मागितलं. चित्र उतरवून मांडीवर दिलं, तर भिंग फिरवत एकेक खांब बघत बसली. मग मला हाक मारली.

"हे कुत्रं बघ, खांबापाशी. आणि ही सगळी माणसं बूट घालून आत. कोणी टोकत नाही यांना?"

चर्चमध्ये बूट काढत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. तिला पटेना. चित्रकारानेच काहीतरी घोळ केला असणार, असं तिचं मत पडलं. कुत्र्याबद्दल मलाही काही सांगता आलं नाही. मग जेवताना, गोळ्या घेताना तोच विषय. शेवटी मी वैतागून म्हणालो, इथे मुरार भागात चर्च आहे, चल आणि स्वतःच बघ. मी आपलं बोलून गेलो होतो. तिने कपाटातली साडी काढून द्यायला सांगितली.

ऑटोतून उतरून दारापर्यंत पोचेस्तोवर ती घामाघूम झाली. तिथल्या चौकीदाराने अदबीने सांगितलं की माताजी, चप्पल राहू द्या. आई ऐकणार थोडीच.

"नहीं भैया, हमसे नहीं होगा," ती म्हणाली. वॉकर भिंतीला टेकवून ठेवला, माझा खांदा धरून चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आत शिरली.

वॉकर दारातच राहिला होता. हाक मारायला मी तोंड उघडलंही. पण ती खांबांकडे बघत चालली होती, हळूहळू, जरा कलत, बाकांना हातही न लावता. मी श्वास रोखून मागे मागे. मध्यावर ती थांबली. असं मधोमध उभं राहूनच ते चित्र काढलं असेल, म्हणाली, तेव्हाच दोन्हीकडचे खांब सारखे दिसतात. मग दार कुठे राहिलं ते बघायला वळली आणि तिला वॉकर दिसला.

"आणि तू गुपचूप बघून राहिला?"

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि उरलेले खांब बघायला पुढे चालू लागली.